धुतलेले हात

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या पाचव्या अंकात नायकपत्नी झोपेत चालते व नसलेले रक्त धुण्यासाठी हात चोळीत राहते. २००६ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रतिपादिले की, दुष्कृत्याच्या स्मरणाने मनुष्यास अंगशुद्धीची ओढ लागते व हात धुतल्याने मनाची बोच ओसरते. त्यास 'मॅकबेथ-परिणाम' हे नाव मिळाले. पुढील पडताळ्यांत पुरेसा दुजोरा मात्र मिळाला नाही. नाटककाराची दृष्टी याहून खोल आहे. खुनाच्या रात्री ओंजळभर पाण्याने सर्व धुऊन निघेल, असे पतीस बजावणारी हीच स्त्री! जागेपणी जो पश्चात्ताप तिने कोणापाशीही उच्चारिला नाही, तो झोपेत बाहेर पडला. आणि हिला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज अधिक, असे म्हणून वैद्यानेही हात टेकले. मनाच्या अंधारात विसावा शोधणाऱ्यास ऐकणारे माणूसच हवे.