मोजायचा रकाना आणि निवडायचा रकाना

आज चिकित्सा करायची आहे ती एका वाक्याची. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७७ साली आकडेवारीसाठी 'हिस्पॅनिक' या शब्दाची व्याख्या केली. आशय असा: मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, मध्य वा दक्षिण अमेरिकी, किंवा इतर स्पॅनिश संस्कृतीची अथवा मूळची व्यक्ती, वंश कोणताही असो.

हाच रकाना कॉलेजच्या प्रवेश-अर्जावर आला आणि भांडण सुरू झालं. समजा, एका मुलाचे आजोबा माद्रिदचे. मुलगा अमेरिकेत वाढलेला, सुखवस्तू, स्पॅनिशचा शब्द येत नाही. त्याने तिथे खूण केली की लोक म्हणतात, लबाडी! मी म्हणतो, थांबा, वाक्य पुन्हा वाचा. भाषा येते का, गरिबी भोगली का, कुणी हिणवलं का, यातलं काहीच ते विचारत नाही. ते मूळ विचारतं. म्हणजे पोरगा खरंच सांगतोय.

आता दुसरं टोक बघा. ग्वातेमालातून आलेल्या माया शेतमजुराची मुलगी. घरात किचे भाषा, स्पॅनिश आईबापांनाही परकी. तिच्यासाठीही तोच रकाना! जिंकणाऱ्यांचा वारस आणि जिंकल्या गेलेल्यांची लेक, दोघं एकाच चौकोनात.

गोव्याचा एखादा फर्नांडिस तिथे अर्ज भरताना आडनावामुळे मोहात पडेल. पण आडनाव पोर्तुगीज, व्याख्या स्पॅनिशची. त्याने खूण केली तर ती मात्र लबाडी. आणि पकडणार कोण? आपल्याकडे जातीचा दाखला लागतो, वर पडताळणी समिती असते. तिथे मुख्यतः अर्जदाराच्या शब्दावरच भिस्त.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. त्या १९७७च्या दस्तऐवजातच बजावलं होतं की हे वर्ग शास्त्रीय किंवा मानववंशशास्त्रीय नाहीत, आणि सरकारी कार्यक्रमांची पात्रता ठरवण्यासाठीही नाहीत. ताकीद केंद्राच्या कार्यक्रमांपुरती असेल, शहाणपण सगळ्यांसाठी होतं. मोजायचा रकाना निवडायला वापरला, इथे चूक झाली.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत वंशाला असं वजन देणं बंद केलं. न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्वतंत्र मतपत्रात या वर्गांच्या ढोबळपणावर टीका केली. ती टीका मला पटते. पण जाळं फाटकं निघालं म्हणून तळ्यात मासेच नाहीत, असं कसं म्हणता येईल? त्या माया मुलीची अडचण रकान्यासोबत संपलेली नाही.

न्यायालयाने एक वाट ठेवली: वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो. चांगलं आहे. पण मग सतरा वर्षांच्या पोरीने आपलं दुःख परीक्षकाला आवडेल असं मांडायचं का? आणि निबंध घडवून देणारे शिकवणीवाले कुणाला परवडतात? माद्रिदवाल्या आजोबांच्या नातवालाच.

तेव्हा मुलाला खोटारडा म्हणण्याआधी, अर्ज छापणाऱ्याला विचारा: तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं? मूळ, की सोसलेलं? जे हवं, तेच विचारा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.