मोजून घेतलेला घास

दुकानाच्या काउंटरवर, वर्तमानपत्राच्या घडीवर साखळी पडली आहे. तेलाने माखलेली, जुन्या गोफासारखी स्वतःभोवतीच वळलेली. मशीन आणायला नोकर आत गेला आहे, शेठ फोनवर आहेत, आणि ही पाच मिनिटं आपली आहेत. घरच्या जळणासाठी चेन-सॉ, म्हणजे आमच्या कोकणात ज्याला सगळे 'कटर' म्हणतात ते, घ्यायला आलेल्या माणसाने आधी इंजिनाची ताकद विचारावी अशी रीत आहे. आपण ती आज बाजूला ठेवू. या साखळीतला एकच दात चिमटीत धरू आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे वळवू.

दात म्हटल्यावर करवतीचा त्रिकोणी दात डोळ्यांपुढे येतो. हा तसा नाही. हा वाकवलेल्या नखासारखा आहे: वर एक आडवं पातं, कडेला खाली उतरणारं दुसरं, आणि ती दोन्ही जिथे भेटतात तिथला लखलखीत कोपरा. कडेचं पातं लाकडाचे तंतू तोडतं, वरचं पातं रंध्यासारखं खालून शिरून ढलपी उचलतं. म्हणजे सुताराच्या पेटीतली करवत आणि रंधा अशी दोन हत्यारं या बोटाच्या पेराएवढ्या पोलादात एकत्र नांदत आहेत. एक दात डावीकडे कललेला, त्यापुढचा उजवीकडे, आणि दोघांमिळून, साखळी जिच्याभोवती धावते त्या पट्टीला शिरण्यापुरती वाट. पण खरा रस आहे तो दाताच्या पुढ्यात उभ्या असलेल्या त्या बुटक्या उंचवट्यात. त्याला धार नाही, तो काही कापत नाही. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतो, आणि जेवढा फरक तेवढाच घास दाताला मिळतो. उंचवटा जास्त घासला गेला की दात हावरा होतो, लाकडात रुततो, मशीन मनगटाला हिसके देतं; उंच राहिला तर दात उपाशीपोटी नुसता लाकडावरून घसरत जातो. सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या या यंत्रात प्रत्येक दातापुढे कुणीतरी असं पंक्तीतल्या वाढप्यासारखं उभं राहून घास मोजून देत आहे, हे एकदा दिसलं की मग त्या गोंगाटातही आपल्याला एक शिस्तीची लय ऐकू येऊ लागते.

ही लय माणसाला सुचली ती एका अळीकडून. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका कापलेल्या बुंध्यापाशी थबकला. तोवरच्या साखळ्यांचे दात जुन्या मोठ्या करवतीच्या घाटाचे, लाकूड ओरखडणारे; त्यांना धार लावता लावता माणूस मेटाकुटीला यायचा. त्या बुंध्यात भुंगेऱ्याची एक जाडजूड अळी मात्र उभ्या तंतूंतून आणि आडव्या तंतूंतून सारख्याच सुखाने वाट काढत चालली होती, तिचे वाकडे जबडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून चालत होते. पुढच्याच वर्षी कॉक्सने पोर्टलंडमध्ये त्या जबड्यांची पोलादी नक्कल असलेली साखळी विकायला काढली, आणि काउंटरवरची ही साखळी तिच्याच वंशातली. मला भावतं ते निराळंच. ती अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या ज्या कुळातली, त्याच कुळातले आमच्या आंब्यावरचा भिरूड आणि काजूवरचा रोठा. कलमाच्या बुंध्याशी ओला भुसा दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. आम्ही तार घेऊन भोकात खुपसत आलो, शिव्या घालत आलो, पण त्या भुशात काही वाचण्यासारखं असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

भुसा वाचायला मला शिकवलं तात्यांनी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडकडच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. आमच्या परसातली दोन कलमं मुळांसकट उलटली आणि फणस न्हाणीच्या छपरावर विसावला. त्या दिवसांत कटरवाला मिळणं म्हणजे नशीब. आमच्याकडे तो आला तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता. सगळी वाडी त्याच्या मशीनकडे बघत उभी, आणि शेजारचे तात्या तेवढे त्याच्या पायांकडे बघत होते. "अरे, वर काय बघतोस? खाली काय पडतंय ते बघ. पोहे पडतायत तोवर धार आहे. पीठ पडायला लागलं की थांबव त्याला."

फणसाचा पिवळाजर्द गाभा कापला जात होता, आणि खाली खरोखरच हळद लावलेल्या पोह्यांची रास साठत होती. चपट्या, जाडसर, एकसारख्या पाकळ्या. हातात घेतल्या तर किंचित ओलसर, किंचित गोडूस वासाच्या. ओंडक्याच्या मध्यावर कधीतरी पट्टी मातीला टेकली, आणि क्षणभराच्या त्या स्पर्शाने दात बोथटले. पुढचा घाव तसाच आवाज करत गेला, धूर तेवढाच, जोर उलट जास्त; पण खाली पीठ. एरवी कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. तात्यांनी हात वर केला, कटरवाल्याने मशीन बंद करून खिशातली गोल कानस काढली, आणि मला त्या भिजलेल्या परसात एका यंत्राची बाराखडी कळली.

नोकर मशीन घेऊन आला. "घेताय तर मोठंच घ्या साहेब," शेठ फोन ठेवून म्हणाले. "५८ सीसी, २२ इंची पट्टी. सगळीकडे हेच जातं." जात असेल. पण आपलं जळण काय आहे ते आठवू या: पडलेलं, वाळलेलं, छाटलेलं. (उभा आंबा, फणस, ऐन किंवा किंजळ तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगीचा कागद लागतो, कटर घरात आलं म्हणून तो हक्क येत नाही.) त्यातला जाडातला जाड ओंडका बारा-तेरा इंची, आणि त्याचे हातभर लांबीचे तुकडे झाले की पुढचं काम कुऱ्हाडीचं. ओंडक्याहून दोन-तीन इंच मोठी पट्टी पुरते. म्हणजे सोळा इंची, आणि तिला साजेसं पंचेचाळीस सीसीच्या आसपासचं इंजिन. बावीस इंची पट्टीवर दात जास्त, कानसकाम जास्त, आणि घरच्या अंगणात तिचं पुढचं टोक नेमकं काय करतंय यावर नजर ठेवणं अवघड.

त्या टोकाकडे जरा बघून घेऊ, कारण तिथे या यंत्राचा रागीट स्वभाव दडलेला आहे. पट्टीच्या गोलाकार नाकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला तर दात कापत नाहीत, लाथ मारतात. सगळी पट्टी निमिषार्धात उसळून चालवणाऱ्याच्या खांद्याकडे येते. म्हणून पुढच्या मुठीसमोर ती ढालीसारखी कमान. मनगट तिच्यावर आदळलं, किंवा झटका पुरेसा जोराचा असला तर ती स्वतःच्या जडत्वानेही, पुढे पडते आणि साखळी जागच्या जागी थांबते. दुकानात मी ती चार वेळा पुढे-मागे करून पाहिली. 'खट्'. त्या आवाजात एक निःशंक ठामपणा होता, आणि दुसऱ्या एका स्वस्त मशीनच्या कमानीत तो नव्हता. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

उरलेला निम्मा झाला तो उचलताना. पुढची मूठ एका हातात धरून मशीन अधांतरी तोललं, तर पट्टीचं नाक किंचित खाली झुकून स्थिर राहिलं, पाणी प्यायला वाकलेल्या बगळ्यासारखं. पाच-सहा किलोंचं ओझं, पण तोलामुळे ते ओझं वाटत नाही. १९२६ साली आंद्रेआस श्टील याने जर्मनीत जी विजेवरची साखळी-करवत बनवली ती ६४ किलोंची होती आणि तिला दोन माणसं लागत. पुढच्या शंभर वर्षांत वजन कमी करणाऱ्यांनी हा तोल कुठेच सांडू दिला नाही, याचं मला अधिक कौतुक. मशीन आडवं धरा, उलटं धरा, ते बंद पडत नाही, कारण त्याच्या कार्ब्युरेटरात तरंगत्या गोळ्याच्या जागी लवचीक पडदा असतो. स्कूटरला हे जमणार नाही.

विजेवरचं घ्यावं का? फाटी आधीच अंगणात येऊन पडत असतील आणि भिंतीत चांगला प्लग असेल तर खुशाल घ्यावं. त्याला धूर नाही, तेल-पेट्रोलचं मिश्रण नाही, शेजाऱ्यांची दुपारची झोपही शाबूत. आमच्याकडे मात्र वादळ झाडं पाडतं तेव्हा तारा आधी पाडतं. म्हणून पेट्रोल, लिटरला किती तेल ते मशीनच्या पुस्तिकेतच पाहावं, पन्नासास एक असेल तर वीस मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर चाळीस. आणि आगोटीला टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवून मगच मशीन माळ्यावर. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला आमची पावसाळी हवा फार आवडते, ते तिच्यातलं पाणी पिऊन बसतं.

मशीन घरी आलं त्याला आता काही दिवस झाले. संध्याकाळी पडवीत बसून साखळी ताणून पाहतो: पट्टीच्या पोटाकडून चिमटीने ओढली तर ती थोडी सुटते आणि सोडली की टचकन परत बसते. प्रत्येक दाताला गोल कानशीचे तीनच हात, आतून बाहेर, तीस अंशांच्या तिरपेपणाने. आधी डावे सगळे, मग मशीन फिरवून उजवे. बुटक्या उंचवट्यांना अजून हात लावलेला नाही, तेवढं धैर्य आलेलं नाही. काल सकाळी बंबासाठी वादळातलाच एक वाळका ओंडका लावला. मशीनचा आवाज ऐकून तात्या गडग्यावरून आले, काही न बोलता वाकले, चिमूटभर भुसा उचलून तळहातावर पसरला आणि बोटाने उलटापालटा केला.

"पोहे," ते म्हणाले, आणि पुढचा ओंडका त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवला.