वाऱ्यावर चालणारे सांडपाणी केंद्र : दावा आणि हिशेब

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रतिकृती आपल्या परिचयाची आहे. पुठ्ठ्याच्या टाक्या, त्यांत रंगीत पाणी, शेजारी पवनचक्की आणि तिच्यापासून थेट पंपाकडे गेलेली एक तार. खाली पाटी असते : 'वाऱ्यावर चालणारे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र'. कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे सांडपाणी केंद्राच्या आवारात प्रत्येकी 1.5 मेगावॅट क्षमतेच्या पाच पवनचक्क्या 2005 च्या अखेरीस सुरू झाल्या. आमचा आक्षेप आहे तो त्या एका तारेला.

अटलांटिक सिटीचेच आकडे घेऊ. पवनचक्क्यांची एकूण क्षमता 7.5 मेगावॅट आणि केंद्राची सरासरी गरज सुमारे 2.5 मेगावॅट. गरजेच्या तिप्पट क्षमता! चौकस विद्यार्थी म्हणेल, मग बाहेरची वीज लागतेच कशाला? उत्तर असे की, क्षमता म्हणजे प्रत्यक्ष निर्मिती नव्हे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती एक अष्टमांश होते. पूर्ण क्षमतेला पोचण्यासाठी जेवढा वारा हवा त्याच्या निम्माच वाहू लागला, तर ढोबळमानाने 7.5 पैकी एक मेगावॅटही हाती लागत नाही.

या पवनचक्क्यांपासून वर्षाला सुमारे 1 कोटी 90 लाख युनिट वीज अपेक्षित धरली होती. त्या वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने फिरल्या असत्या तर 6 कोटी 57 लाख युनिट मिळाली असती. म्हणजे प्रत्यक्ष अपेक्षा तीस टक्क्यांहून थोडी कमीच. केंद्राची वर्षाची गरज 2.5 मेगावॅटच्या हिशेबाने 2 कोटी 19 लाख युनिट येते. या दोन बेरजा शेजारी ठेवल्या की, 'जवळजवळ सगळी गरज भागली' असे वाटते. पण केंद्राच्या गरजेपैकी वाऱ्याने भागणारा वाटा सरासरी साठ टक्क्यांच्या आसपासच सांगितला जातो. उरलेले कुठे गेले? जोराचा वारा असताना केंद्राला नको असलेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि वारा पडला की ग्रिडमधूनच वीज घ्यावी लागते. वर्षाची बेरीज आणि त्या त्या क्षणाची गरज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आमच्या मते या विषयात शिकवण्याजोगे सर्वांत मोलाचे काही असेल तर ते हेच, आणि ती पाटी नेमके हेच झाकते.

हा मुद्दा केवळ हिशेबाचा नाही. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकण्याचे काम जीवाणू करतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांवरच अशा केंद्राची साधारण निम्मी वीज खर्च होते. पिठाची गिरणी वारा नसला तर दोन दिवस थांबेल, दळण पडून राहील. पण जीवाणूंना पडून राहता येत नाही आणि सांडपाणी तर यायचे थांबतच नाही. त्यातून अटलांटिक सिटी हे पर्यटकांचे गाव. गर्दी उन्हाळ्यात, तर तिथला जोरदार वारा मुख्यतः हिवाळ्यात!

मग हा उपद्व्याप केलाच का? एक मोठे कारण पैशाचे होते. पवनचक्क्या खाजगी मालकीच्या होत्या आणि केंद्राने त्यांची वीज 20 वर्षे ठरलेल्या दराने घेण्याचा करार केला होता. बाजारभाव चढले तरी दर तोच. हा लाभ खरा आहे, प्रतिकृतीत मात्र तो दाखवता येत नाही.

दुसरे एक उदाहरण अशा प्रतिकृतींतून नेहमीच गळते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फालमथ या गावाने सांडपाणी केंद्राच्या जागेत प्रत्येकी 1.65 मेगावॅटच्या दोन पवनचक्क्या उभ्या केल्या. पहिली 2010 मध्ये सुरू झाली. आसपासच्या रहिवाशांनी आवाजाची आणि झोपमोडीची तक्रार केली, प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले, 2017 मध्ये न्यायालयाने दोन्ही बंद करायला लावल्या आणि 2022 मध्ये त्या उतरवण्यात आल्या. यंत्र बिघडले नव्हते. घरे किती अंतरावर आहेत, हा प्रश्न यंत्राइतकाच तांत्रिक आहे हे फालमथने दाखवले.

आपल्याकडे जागेचा पेच वेगळाच आहे. सांडपाणी उताराने वाहते, म्हणून केंद्र बांधायचे ते सखल भागात, बहुधा नदीकाठी. पवनचक्क्या मात्र चाळकेवाडी, वनकुसवडे अशा साताऱ्याच्या उंच पठारांवर. अटलांटिक सिटीला सखल, मोकळा समुद्रकिनारा असल्याने दोन्ही गोष्टी एका आवारात जमल्या. आपल्याकडे पठारावरची वीज ग्रिडमधूनच खाली आणावी लागेल, आणि तशी आणण्यात कमीपणा काहीच नाही.

तेव्हा प्रतिकृती जरूर करावी, पण तिच्यात ग्रिडची दुसरी तार असावी आणि त्या तारेवर दोन मीटर असावेत : एक घेतलेल्या विजेचा, दुसरा दिलेल्या विजेचा. वाऱ्यासाठी टेबलफॅन ठेवतातच. परीक्षकांनी तो मधेच बंद करावा आणि टाकीतले बुडबुडे आता कशावर येत आहेत, ते मुलांना विचारावे.