शांत बंदर, अबोल अंगण

रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘जीवनस्मृती’त (१९१२) कारवारवर एक छोटेसे प्रकरण आहे. कारवारच्या किनाऱ्याला त्यांचे नाव आहे, हे आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक असते; प्रकरण मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. नावापाशी थांबायचे आणि मजकुरापर्यंत जायचे नाही, ही आपली सवय जुनीच.

वडील बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते. पहिले भारतीय आय.सी.एस. अधिकारी, आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेणारे रसिक. त्यांच्याकडे विशीतले रवींद्रनाथ राहायला आले. त्यांना दिसले ते डोंगरांच्या कुशीत दडलेले, शहर न वाटणारे बंदर. चंद्रकोरीसारखी पुळण, सुरूचे बन आणि समुद्राला मिळणारी काळी नदी. मग चांदण्या रात्री होडीतून नदीत वर जाणे, शिवकालीन डोंगरी किल्ल्यापाशी उतरणे, एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात सोबतची शिदोरी सोडणे, ओहोटीबरोबर परतणे आणि शेवटी वाळूतून चालत घर गाठणे. बस्स, एवढेच.

हे सारे टवटवीत वाटते. पण लिहिले आहे ते पन्नाशीत, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनंतर. तेव्हा ही ‘पहिली नजर’ काळाच्या चाळणीतून गळून आलेली आहे. किरकोळ ते वाहून गेले, एक रात्र उरली. आपली प्रवासवर्णने गावाहून परतताच लिहिली जातात, म्हणून त्यांत गाडीचे वेळापत्रक, खानावळीचे दर आणि ‘निसर्गरम्य’ हे विशेषण, एवढेच हाती लागते.

तरीही एक तक्रार उरतेच. त्या अंगणाचा धनी कुठे आहे? तो काय बोलला? कोकणी, मराठी की कानडी? ज्या घरात तुकोबा वाचले जात होते, त्या घरच्या पाहुण्याला इथल्या माणसाचा एकही शब्द नोंदवावासा वाटला नाही. गाव शांत असते, की आपल्याला त्याची भाषा येत नाही म्हणून ते शांत भासते? दोन भाषांच्या उंबरठ्यावर संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. कोळ्याला बंदर कधीच निवांत नसते, पाहुण्याला असते.

पण याच कारवारात रवींद्रनाथांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ (१८८४) हे नाट्य लिहिले. त्यातला संन्यासी माणसांचे सारे पाश तोडून अनंताचा शोध घेऊ पाहतो, आणि एक पोरकी मुलगी त्याला मायेने पुन्हा माणसांत ओढून आणते. सीमेच्या आतच असीम भेटते, हे आपल्या पुढच्या साऱ्या लेखनाचे सूत्र या नाट्यात होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. म्हणजे आठवणीत अबोल राहिलेला माणूस नाट्यात बोलता झाला. चांदण्यात जे निसटले, ते कलेत भरून निघाले. प्रकरण आणि नाट्य जोडीने वाचावे ते यासाठी.

आज त्याच किनारपट्टीवर ‘कदंब’ हा मोठा नौदल तळ (२००५) आहे, कोकण रेल्वे आहे. जुन्या निवांतपणाबद्दल हळहळणे सोपे आहे. त्यापेक्षा पुढच्या प्रवासात कुणाच्या अंगणात शिदोरी सोडलीत, तर त्या घरधन्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावेत आणि ते लिहून ठेवावेत. रवींद्रनाथांच्या त्या सुंदर प्रकरणात नेमकी तेवढीच जागा रिकामी आहे.