अभावमूलक वर्गीकरण आणि सागरी सूत्रकृमी

मराठीत 'जंत' म्हटले की पोटातील कृमी डोळ्यांपुढे येतो. मूळ संस्कृत 'जन्तु' शब्द प्राणिमात्राचा वाचक. मराठीत तो पोटापुरता आकुंचित झाला. कांजूरमार्गच्या पूर्वेस ठाणे खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी, जे सूक्ष्म सूत्रकृमी राहतात, त्यांना शास्त्राने 'स्वतंत्रजीवी' म्हटले. म्हणजे जे परोपजीवी नव्हेत ते. ही संज्ञा राहणी सांगते, कुळ सांगत नाही. वर्गीकरणातही नेमकी हीच गल्लत दीर्घकाळ चालली.

चिटवुड दांपत्याने १९३३ मध्ये शेपटीवरील 'फॅस्मिड' या सूक्ष्म ज्ञानेंद्रियांच्या जोडीवरून फॅस्मिडिया व अफॅस्मिडिया असे दोन वर्ग कल्पिले. १९५८ मध्ये त्यांच्या जागी सेसरनेन्टिया व अडेनोफोरिया ही नावे आली. बहुतेक सर्व सागरी सूत्रकृमी या दुसऱ्या वर्गात पडले. 'अडेनोफोरिया' म्हणजे ग्रंथिधारक. नाव भावरूप झाले खरे, परंतु लक्षण पूर्वीचेच, अभावरूप, राहिले. ग्रंथी जर आदिपूर्वजापासूनच चालत आल्या असतील, तर त्यांवरून निकटचे नाते सिद्ध होत नाही.

भाषेच्या अभ्यासकास हा दोष नवा नाही. मराठीने नपुंसकलिंग राखले, गुजरातीनेही राखले, हिंदीने टाकले. एवढ्यावरून मराठी-गुजरातीचे निराळे कुळ मांडणे कोणी मान्य करणार नाही. नाते ठरते ते समान नवनिर्मितीने, हे लेस्कीनने १८७६ मध्ये भाषांविषयी सांगितले. हेन्निगने १९५० मध्ये तेच तत्त्व जीवसृष्टीस लावले. त्याच कसोटीवर लोरेन्झेन यांनी १९८१ मध्ये सागरी सूत्रकृमींची पद्धतशीर छाननी केली. त्यांचा ग्रंथ आजही वाचनीय आहे. मात्र अडेनोफोरियाच्या एकवंशीयतेस आधार सापडत नसताही ते नाव त्यांनी ठेवलेच. सोयीचा मोह एवढा बलवत्तर असतो!

१९९८ मध्ये ब्लॅक्स्टर व सहकाऱ्यांनी ५३ जातींच्या जनुकीय क्रमांची तुलना केली, तेव्हा अडेनोफोरिया हा वर्ग कोसळला. डे ले व ब्लॅक्स्टर यांनी पुढे क्रोमाडोरिया व एनोप्लिया हे दोन वर्ग मांडले, आणि जुना सेसरनेन्टिया क्रोमाडोरियाच्या पोटात गेला. परिणाम विलक्षण आहे. खाडीच्या एकाच चिमूटभर चिखलात डॅप्टोनेमा व हॅलालायमस शेजारी आढळले, तर त्यांपैकी डॅप्टोनेमाचे नाते शेजाऱ्यापेक्षा माणसाच्या आतड्यातील जंताशी अधिक जवळचे ठरते.

तथापि नवी मांडणीही निर्दोष नव्हे. तिच्यातील एनोप्लिया हा वर्ग सागरी एनोप्लिडांबरोबर मुख्यतः गोड्या पाण्यातील व मातीतील डोरिलायमिडांस एकत्र बांधतो. या जोडीस जनुकीय आधार प्रारंभापासूनच क्षीण होता. २०१९ च्या विस्तृत जनुकसंचाच्या अभ्यासात तर एनोप्लिड हे उरलेल्या सर्व सूत्रकृमींहून आधी विलग झालेले दिसतात. तसे असेल तर हाही उरलेल्यांचाच गठ्ठा ठरतो, फक्त थोडा लहान. खाडीच्या चिखलाची पाहणी करताना 'सूत्रकृमी' असा एकच रकाना ठेवून केवळ संख्या भरण्याचा प्रघात आहे. त्या रकान्यात निदान ही दोन घराणी तरी एकाच नावाखाली मोजली जातात.