अधिकार सुटल्यानंतरचीं आत्मचरित्रें

अधिकारपदावरून उतरलेल्या राष्ट्रनायकानें आत्मचरित्र लिहावें, प्रकाशकानें त्यासाठीं त्यास मोठी रक्कम आगाऊ द्यावी, आणि पुस्तक हातीं पडतांच वाचकानें प्रथम त्या रकमेचाच उच्चार करावा, असा क्रम इंग्लंड-अमेरिकेंत आतां रूढ होऊन बसला आहे. पुस्तकांत काय आहे हा प्रश्न मागाहून येतो. त्याबद्दल किती मिळाले हा आधीं. मग ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असें म्हणून पुस्तक मिटून ठेवलें जातें. हा तिटकारा समजण्यासारखा आहे. परंतु टीकाकारास तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. मुत्सद्द्यांच्या धनलाभाची चौकशी करण्यास वृत्तपत्रें समर्थ आहेत. पुस्तकाचा न्याय मात्र पुस्तक वाचूनच झाला पाहिजे. तो करूं गेलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पैसा घेतल्यानें वाचकाचा विश्वास जातोच असें नाहीं, आणि पैसा सोडल्यानें तो परत येतो असेंहि नाहीं.

या वाङ्मयप्रकाराचा उत्कृष्ट नमुना पाहावयाचा तर जनरल युलिसिस ग्रँट यांच्या आठवणींकडे वळावें लागतें. १८६९ ते १८७७ पर्यंत ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्या काळीं निवृत्त अध्यक्षास पेन्शन नव्हतें. ज्या पेढींत त्यांनीं आपली पुंजी गुंतविली होती ती भागीदाराच्या लबाडीमुळें १८८४ सालीं बुडाली, आणि त्याच वर्षीं त्यांना घशाचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. पत्नीच्या निर्वाहाची सोय व्हावी म्हणून मृत्यूच्या दारांत बसून त्यांनीं दोन खंड लिहिले. २३ जुलै १८८५ रोजीं ते वारले तेव्हां लेखन संपून थोडेच दिवस झाले होते. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेनें तें पुस्तक काढलें आणि ग्रँट यांच्या पत्नीस त्यापासून सुमारें साडेचार लाख डॉलर मिळाले. म्हणजे पुस्तक पैशासाठींच लिहिलें होतें, आणि पैसा भरपूर मिळालाहि. तरी त्यास बाजारी म्हणावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं.

याचें कारण केवळ करुणा नव्हे. तरुणपणीं ज्या मेक्सिकोच्या युद्धांत ते स्वतः लढले तें युद्ध अन्यायाचें होतें, असें ग्रँट स्पष्ट सांगतात. १८६४ मधील कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला केल्याचा आपणांस सदैव पश्चात्ताप वाटत आला, असें ते लिहितात. विजयी सेनापतीनें आपल्याच हुकुमानें पडलेल्या शिपायांविषयीं असें लिहिणें ही सोपी गोष्ट नव्हे. भाषा साधी, विशेषणें थोडीं, स्वतःची तरफदारी क्वचित्. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळांत सहकाऱ्यांचीं लाचलुचपतीचीं प्रकरणें गाजलीं. त्या काळाविषयीं मात्र हें पुस्तक जवळजवळ मुकें आहे, हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. पण जेथें तें बोलतें तेथें किंमत मोजून बोलतें.

पुढें अध्यक्षांची ही विवंचना कायद्यानेंच दूर केली. हॅरी ट्रूमन यांनीं अध्यक्षपदाच्या प्रतिष्ठेचा व्यापार करण्याचें नाकारलें, आणि त्यांच्या ओढगस्तीची कथा सर्वतोमुखीं झाल्यावर १९५८ सालीं निवृत्त अध्यक्षांस दरसाल २५,००० डॉलर देण्याचा कायदा झाला. ट्रूमन हे पद सोडतांना वस्तुतः चांगले सुस्थितींत होते, असें त्यांच्या पत्नीच्या संग्रहांतील कागदांवरून २०२१ मध्यें दाखविण्यांत आलें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. ददात मिटली कीं विक्रयहि थांबेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. १९८९ मध्यें निवृत्त झालेल्या रोनाल्ड रीगन यांस त्याच वर्षीं जपानच्या एका दौऱ्याबद्दल २० लाख डॉलर मिळाले. तेव्हांपासून माजी अध्यक्ष हा नटनट्यांप्रमाणेंच प्रसिद्धीच्या बाजारांतील एक मोलवान पुरुष झाला आहे.

आतां ग्रँट यांच्या अगदीं उलट उदाहरण पाहूं. १९९७ ते २००७ पर्यंत ब्रिटनचे मुख्य प्रधान असलेले टोनी ब्लेअर यांचें आत्मचरित्र सप्टेंबर २०१० मध्यें निघालें. त्याचें सर्व उत्पन्न त्यांनीं माजी सैनिकांच्या साहाय्यक संस्थेस देऊन टाकलें. तरीहि डब्लिनमध्यें पुस्तकावर सह्या देण्यास ते गेले तेव्हां त्यांच्यावर अंडीं आणि बूट फेंकण्यांत आले, आणि लंडनचा तसाच कार्यक्रम रद्द करावा लागला. कित्येक वाचकांनीं तर दुकानांतील त्या पुस्तकाच्या प्रती उचलून गुन्हेगारीच्या पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवल्या. एक अक्षर न लिहितां केलेली ही टीका उद्धट होती. निराधार होती असें म्हणवत नाहीं. ब्लेअर यांची शैली ओघवती व खेळकर आहे, आणि कबुलीजबाब त्यांत पुष्कळ आहेत. सरकारी माहिती लोकांस खुली करणारा कायदा केला याबद्दल ते स्वतःला मूर्ख म्हणवून घेतात. कोल्ह्याच्या शिकारीवरील बंदीबद्दल खेद करतात. सायंकाळीं आपण किती मद्य घेत असूं तेंहि सांगतात. पण २००३ च्या इराकवरील स्वारीचें प्रकरण आलें कीं निर्णय चुकला असें त्यांस म्हणवत नाहीं. तेथें अश्रू आहेत, माघार नाहीं. स्वस्त कबुल्यांची रास घालून महाग कबुली टाळावी, हा या पुस्तकाचा मूलभूत दोष होय. दानानें तो भरून निघत नाहीं.

बराक ओबामा यांची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण ते अध्यक्ष होण्यापूर्वींच चांगले लेखक होते. त्यांचें पहिलें आत्मकथन १९९५ सालीं प्रसिद्ध झालें तेव्हां त्याचा खप बेताचाच झाला. २००४ मध्यें पक्षाच्या अधिवेशनांतील एका भाषणानें त्यांचें नांव देशभर झालें, तेंच पुस्तक पुन्हां छापलें गेलें, आणि प्रतींवर प्रती खपूं लागल्या. वाक्यें तींच होतीं. मुखपृष्ठावरील नांवास मोल आलें होतें. २०१७ मध्यें ओबामा पतिपत्नींच्या पुस्तकांसाठीं ६ कोटि डॉलरांहून अधिक रक्कम ठरल्याची वार्ता आली. त्याच वर्षीं वॉल स्ट्रीटवरील एका पेढीच्या परिषदेंत बोलण्याबद्दल त्यांस ४ लाख डॉलर मिळणार, ही बातमी त्यांच्या चाहत्यांसहि खटकली. पुढें २०२० मध्यें अध्यक्षपदाच्या आठवणींचा पहिला खंड निघाला. पहिल्याच दिवशीं अमेरिका व कॅनडा मिळून त्याच्या ८ लाख ८७ हजारांवर प्रती गेल्या.

त्या खंडांत एक उत्तम स्थळ आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर आपण पेढीवाल्यांशीं अधिक कठोरपणें वागावयास हवें होतें काय, असा प्रश्न लेखक स्वतःस विचारतो, आणि अखेर, आपण बहुधा तसेंच वागलों असतों, या उत्तरावर येतो. हा विचार प्रामाणिक असूं शकेल. आमच्या मतें तो आहेहि. पण तें पान वाचतांना त्या ४ लाख डॉलरांची आठवण होते, आणि लेखकाच्या खऱ्या वाक्यावरहि संशयाची छाया पडते. अधिकारोत्तर संपत्तीनें होणारी खरी हानि आमच्या मतें हीच. लेखक खोटा ठरत नाहीं. त्याचें खरें बोलणें मात्र निरुपयोगी होतें, आणि राष्ट्राच्या इतिहासांतील एक साक्ष वायां जाते.

या हानींत वाचकाचा वांटा मुळींच नाहीं असें नाहीं. राष्ट्रनायकाच्या घरचा कुत्रा, त्याच्या पत्नीचा पोषाख, त्याचें हंसणें यांवर भाळून ज्यानें त्यास डोक्यावर घेतलें, त्यानेंच पुढें त्याच्या मिळकतीचे आंकडे पाहून नाक मुरडावें, यांत न्याय थोडा आणि रुसवा फार. आणि ‘सगळे सारखेच’ हें त्या रुसव्याचें वाक्य सर्वांत अधिक कोणास सोयीचें असेल, तर जे खरोखर वाईट आहेत त्यांस.

म्हणून सुज्ञ वाचकानें अशा पुस्तकाची किंमत व खप क्षणभर बाजूस ठेवावीं, आणि लेखकास जेथें सर्वांत अधिक गमवावयाचें असेल तेंच पान आधीं उघडावें. तेथें तो काय लिहितो, किंवा काय लिहिण्याचें टाळतो, तें पाहून मग पहिल्या पानाकडे परतावें.