फोनच्या पलीकडचं माणूस

'स्कॅम १९९२' ऑक्टोबर २०२०मध्ये आली आणि बघता बघता तिचं शीर्षकसंगीत मित्रमंडळींची रिंगटोन झालं. हर्षद मेहताचे संवाद स्टेटसवर फिरले. हंसल मेहतांचं दिग्दर्शन नेटकं, प्रतीक गांधीचं काम त्याहून सरस, आणि सरकारी रोख्यांची भानगड इतकी सोपी करून सांगणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. पण दहा भाग संपल्यावर स्वतःला विचारून बघा, शेअर बाजार कोसळल्यावर ज्याची बचत गेली असा एक तरी साधा माणूस नावानिशी आठवतो का? मला नाही आठवत.

त्याच वर्षीच्या 'जामतारा'चंही तसंच. झारखंडमधल्या पोरांची बोली, त्यांची गरिबी, पुढाऱ्याशी असलेलं साटंलोटं सगळं अस्सल. फोनच्या पलीकडचा माणूस मात्र बहुतेक वेळा नुसता आवाज. ओटीपी सांगितला, काम संपलं.

ठकाची गोष्ट रंगते हे खरंच आहे. तो बोलतो, धावतो, डाव टाकतो. फसलेल्याची गोष्ट डाव संपल्यावर सुरू होते, आणि तिच्यात असतात रांगा, अर्ज, तारखा. भाषासुद्धा ठकाच्याच बाजूची. 'चारसोबीस' या शब्दात निम्मं कौतुक आहे. राज कपूरने १९५५ साली त्याच्यामागे 'श्री' लावला तो उगाच नव्हे. फसलेल्याच्या वाट्याला काय येतं? 'एवढा शिकलेला, तरी?'

गंमत म्हणजे १८६०चा रुक्ष कायदा या लेखकांपेक्षा जास्त संवेदनशील निघतो. चोरीत वस्तू तुमच्या संमतीशिवाय नेली जाते. फसवणुकीच्या व्याख्येत ती तुम्ही स्वतः, भुलून, देता. शिवाय फसवून एखाद्याकडून असं काही करवून घेतलं, ज्यामुळे त्याचं शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना हानी होईल, तर तीही फसवणूकच. मन आणि लौकिक हे शब्द मूळ कलमात आहेत, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८मध्येही ते टिकले. पैसे आपल्याच हाताने दिले, ही लाज. म्हणून माणूस बायकोलाही सांगत नाही, पोलिसांत जाणं तर दूरच. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये माणसं व्हिडिओ कॉलसमोर दिवसच्या दिवस बसून राहिली. त्या बंद खोलीइतकं नाट्य कुठल्या ब्रोकरच्या गाडीत आहे?

'हे कंटाळवाणं होईल' असं निर्माते म्हणतील. त्यांनी जानेवारी २०२४मधली ब्रिटिश मालिका 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस' बघावी. तिथे प्रकरण उलटं आहे: संगणकाच्या चुकीने हिशेबात तूट दिसली आणि निर्दोष पोस्टचालकांवरच चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. नायक साधा, चिवट, वयस्क माणूस. प्रसंग म्हणजे गावच्या सभागृहातल्या बैठका, खुर्च्या, चहा. चार भागांत देश हलला, आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या.

आपल्याकडे कच्चा माल कमी नाही. भांडुपला मुख्यालय असलेली पीएमसी बँक घ्या. २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांआड एका बिल्डर समूहाची कर्जं लपवली, असा आरोप झाला. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली. पाच लाखांवर ठेव असलेल्यांच्या पैशाचे टप्पे पाडले, शेवटचा दहा वर्षांवर. बँक बंद नाही, पासबुकात आकडा आहे, आणि पैसे नाहीत. ज्याचं वय तेव्हा सत्तरीचं होतं, त्याने ते पत्र घरी जाऊन कसं वाचून दाखवलं असेल? पटकथा तिथून सुरू करता येईल. पहिल्या भागात बिल्डर दिसलाच पाहिजे असं काही नाही.